सायकलवरून आलेलं वावर

काळी माती भिजली की पायाला लागते, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. लिहिणारा पावसाळ्यात वऱ्हाडात आला नसावा. माझ्या मामाची म्हैस एकदा भर पावसात वावरातून घरी आली, तेव्हा तिच्या खुरांना इतकी माती होती की गोठ्याच्या दारातून तिला वाकून आत जावं लागलं. मामीनं स्टुलावर उभं राहून धार काढली. खोटं वाटत असेल तर म्हशीला विचारा.

अशा मुलखात मी जाड टायरची, गिअरची सायकल घेतली. आमच्या सगळ्या राजापेठेत ती पहिलीच, निदान मी तसं सांगत असे. "चिखलातून चालवायसाठीच बनवली आहे," असं दुकानदार म्हणाला होता. त्यानं ज्या कुठल्या देशाचा चिखल पाहिला असेल, तो ताकासारखा पातळ असणार.

पहिल्या फेरीनंतर मी ती घरामागच्या मोरीवर पाणी ओतून धुतली. माती निघाली, मोरीत उतरली आणि तिथंच तिनं बिऱ्हाड केलं. दुसऱ्या दिवशी आमच्या धुण्याचं पाणी शेजारच्या गादीवाल्या चाचांच्या अंगणात, आणि चाचांच्या भांड्यांचं पाणी आमच्या स्वयंपाकघरात, असा शेजारधर्म सुरू झाला.

बायको अकोल्याकडची, शेतकऱ्याची लेक. ती आवाज चढवत नाही, म्हणूनच भीती वाटते.

"आता पुन्हा मातीची सायकल या घरात आली ना," ती म्हणाली, "तं सायकल भंगारात. अन् मोरीत एक ढेकूळ जरी गेलं, तं सायकलीमागं तुमी."

भंगारवाला दर रविवारी दुपारी आमच्या गल्लीत येतो. हे ती बोलली नाही, माझं मलाच आठवलं.

पुढच्या रविवारी मी शहाण्यासारखा डांबरी रस्त्यानं, परतवाड्याच्या दिशेनं निघालो. पण डांबरावर तसली सायकल चालवणं म्हणजे पहिलवानाला पोळ्या लाटायला बसवणं. शेवटी पायच ऐकेनात, आणि मी शेतांमधल्या एका पांदणीच्या वाटेत वळलो. रात्री पाऊस झाला होता. पांदणीत गुडघाभर पाणी, म्हणून सायकल बाजूच्या नुकत्याच पेरलेल्या वावराच्या कडेनं घेतली. थोडं गेलो आणि चाकं फिरायची थांबली. टायर, ब्रेक, साखळी, सगळ्यांचा मिळून एकच गोळा. खांद्यावर घेतली तर वाटलं, सायकलीऐवजी कुणाचा तरी बैल उचलला.

बाभळीखाली वावराचे मालक बसले होते.

"ओ भाऊ! वावर घेऊन चालले का?"

"नाही हो काका, आत सायकल आहे."

"न्या, न्या! सातबारा बी देतो संगं. यंदाचं पीक तुमीच काढून पाहा, मंग समजते!"

ते हसले, मीही हसलो. त्या नापिकीच्या वर्षांत आमच्याकडं वावराची गोष्ट निघाली की माणसं आधी हसून घेत.

घरी पोचलो तर बायको दारातच. मी न थांबता बाहेरच्या जिन्यानं सायकल गच्चीवर चढवली.

"घरात नाही आणली हं," मी वरून ओरडलो.

"गच्ची काय बडनेऱ्यात हाये?" खालून आवाज आला. "भंगारवाला येईपर्यंत काय करायचं ते करा. पानी भेटनार नाही."

पाणी नको होतंच. पाण्यानं काय होतं ते मोरीला विचारा. सुदैवानं ऊन कडक पडलं. दुपारपर्यंत माती वाळून तडकली. मी खाली जुनी चादर अंथरली, कपडे धुवायची मोगरी घेतली आणि सायकल धोपटायला लागलो. ढेकळं अशी उडाली की वरच्या घारींनी रस्ता बदलला.

"अरे भाई, किसको मार रहे हो?" चाचा त्यांच्या अंगणातून ओरडले.

"सायकलले, चाचा!"

"तो बेचारी का कसूर तो बताओ!"

फटींतली माती खराट्याच्या काडीनं कोरली. साखळी रॉकेलच्या फडक्यानं पुसली, गिअरचे दात जुन्या टूथब्रशनं घासले आणि शिलाई मशीनचं तेल सोडलं. सायकल अशी चमकली की कठड्यावरच्या मांजरानं तिच्यात पाहून मिशा नीट केल्या.

तेवढ्यात गल्लीतून भंगारवाल्याची आरोळी आली आणि जिन्यातून बायको. तिनं सायकलीकडं पाहिलंच नाही. चादरीवरच्या ढिगाकडं बोट केलं.

"अन् हे कुठं टाकता?"

खरंच की. मोरीत नाही, नालीत नाही, चाचांकडं तर नाहीच. आता गेली सायकल, असं मी मनाशी म्हटलं.

ती खाली बसली. एक ढेकूळ उचललं, बोटांनी चुरलं, नाकाशी नेलं. तिच्या माहेरचं वावर गेल्या उन्हाळ्यात विकलं गेलं होतं. त्यावर ती घरात एक शब्द बोलली नव्हती.

"कुठली हाये?"

"परतवाड्याच्या रस्त्याची. पांदणीतली."

"पांदनीतली नाही हे. पेरनीच्या वावरातली हाये."

खालून दुसरी आरोळी आली. "आज काही नाही, भाऊ," ती कठड्यावरून म्हणाली, आणि कुंड्यांकडं वळली. त्यांच्यात घराच्या बांधकामातला उरलेला मुरूम होता, त्यात तुळससुद्धा रुसून जगत होती. तिनं तो उकरून काढला आणि माझी, म्हणजे त्या काकांची, माती भरली. भरताना ती चादर शेवटपर्यंत झटकत होती.

आठवडाभरात एका कुंडीत तुरीची दोन पानं वर आली. चौकात मी सांगून टाकलं की यंदा आमच्याकडं तूर बरी आहे.

रविवारी सायकल बाहेर काढली तर बायको फाटकाशी उभी.

"त्याच पांदनीनं जाजा," ती म्हणाली. "अन् येताना खांद्यावर नोका आनू. वावराच्या कडेनं चालवतच आना. जास्त चिकटते."