ताईंचा फोन, साहेबांचा कीबोर्ड

आमच्या ताईंना राग पटकन येतो, असं ऑफिसात सगळे म्हणायचे. ते खोटं आहे. ताईंना राग सावकाश येतो, पण आला की मुक्कामालाच येतो. मी सात वर्षं त्यांच्या शेजारच्या खिडकीत बसते, मला विचारा.

आमचं ऑफिस जन्म-मृत्यूच्या दाखल्यांचं. पाच खिडक्या. तीन नंबरवर ताई, मृत्यूचे दाखले. अठ्ठावीस वर्षं तिथेच. जुन्या मशिनवर टायपिंग शिकलेल्या, त्यामुळे बोटं आपली आपली चालायची. समोरचा माणूस रडत असला तर त्याच्याकडे बघत बघत त्याच्या बापाचं नाव टाइप करायच्या, आणि कानामात्रेची चूक नाही. घरी त्या आणि वडील, दोघंच. वडील शिंपी होते, आता चौऱ्याऐंशीचे. दिवसभर एकटे असतात म्हणून शेजारच्या काकूंकडे घराची किल्ली आणि ताईंचा नंबर.

गेल्या वर्षी ताईंचा कीबोर्ड गेला. आधी 'र' रुसला, मग एकेक करत बाकीचे. त्याच आठवड्यात माऊसची वायर उंदरांनी कुरतडली. "जातभाई म्हणूनसुद्धा सोडला नाही मेल्यांनी," ताई म्हणाल्या. त्यांनी तीन अर्ज दिले. तिन्हींना उत्तर एकच: मागणी विचाराधीन आहे. एकोणीस दिवस दाखले अडकले. माझा कीबोर्ड दिवसातून तासभर त्यांना द्यायचे, तेव्हा माझी रांग बोंबलायची. एक माणूस आईच्या दाखल्यासाठी पाचव्यांदा आला आणि काचेवर हात आपटून गेला. ताई माझ्याकडे वळल्या. "काहीतरी कर गं. मला या लोकांना तोंड दाखवायची लाज वाटते."

म्हणून मी ते केलं. घरी मी पलंगावर पडून लॅपटॉप फोनवरून चालवते. तेच अ‍ॅप ताईंच्या फोनवर घातलं आणि त्याचा जोडीदार प्रोग्रॅम त्यांच्या कंप्युटरवर. दोन्ही एकाच वायफायवर आले की फोन हाच कीबोर्ड आणि फोन हाच माऊस. वरच्या मोकळ्या जागेवर बोट फिरवलं की पडद्यावरचा बाण फिरतो, खाली अक्षरं. ताईंच्या बोटांना ती गुळगुळीत काच सोसेना. दहा बोटांची बाई एका बोटावर आली. पण संध्याकाळपर्यंत एकतीस दाखले निघाले, आणि मला वाटलं मी फार मोठं काम केलं.

साहेबांनी ते पाहिलं. त्यांनी फोटो काढला, वरच्या ऑफिसला पाठवला. आठ दिवसांत कागद आला: कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या फोनचा कल्पक वापर केल्याबद्दल कौतुक, सबब कीबोर्डची मागणी रद्द. बाकीच्या खिडक्यांचे कीबोर्डही, माझ्यासकट, अर्धेमोडकेच होते. आता सगळ्यांनीच फोन वापरायचे. एक नंबरवाले भाऊ ताईंच्या तोंडावर म्हणाले, तुम्ही आमच्या पायावर धोंडा पाडलात. ताईंनी माझं नाव घेतलं नाही. धोंडा उचलून दिला होता मी, पण मी ते कबूल केलं नाही.

मग दुसरी गोष्ट झाली. टाइप करता करता फोन वाजला की अक्षरं गायब व्हायची. एकदा ताईंच्या हातून एका मयत माणसाचं नाव अर्धंच छापलं गेलं. त्याची बायको दाखला घेऊन परत आली. "माझा माणूस अख्खा होता हो," एवढंच ती म्हणाली. ताई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

साहेबांनी हुकूम काढला, दहा ते पाच फोन येणं बंद ठेवायचं. ताईंनी सांगितलं, घरी म्हातारे वडील एकटे असतात. साहेब म्हणाले, सगळ्यांच्याच घरी कुणी ना कुणी असतं, ऑफिसचा नंबर देऊन ठेवा. ऑफिसचा फोन त्यांच्याच टेबलावर. ताईंनी मान्य केलं, कारण त्या बाईचं बोलणं त्यांच्या मनातून जात नव्हतं. आलेला फोन वाजू नये, पडद्यावर दिसू नये, नुसती नोंद राहावी, ती सेटिंगही मीच करून दिली.

त्या मंगळवारी सकाळी साडेदहाला वडील न्हाणीघरात पडले. काकूंनी ताईंना अकरा फोन केले. मग ऑफिसच्या नंबरवर केला. साहेबांनी उचलला. काकूंनी सांगितलं, म्हातारा पडलाय, उठता येत नाही, पोरीला सांगा. साहेब म्हणाले, निरोप देतो. आणि विसरले. आमच्या खिडकीपासून त्यांचं टेबल वीस पावलांवर आहे.

दीड वाजता डबा उघडताना ताईंनी फोन पाहिला. त्या कशा उठल्या आणि कशा गेल्या हे मला आजही नीट सांगता येत नाही. डबा तसाच उघडा राहिला. वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. काकूंनी त्यांना दवाखान्यात नेलं होतं, पण घरच्या माणसाची सही नाही म्हणून ऑपरेशन थांबलं होतं. तीन तास तो माणूस, आधी फरशीवर आणि मग स्ट्रेचरवर, लेकीचं नाव घेत पडला होता, आणि लेक लोकांच्या मेलेल्या माणसांची नावं टाइप करत होती.

पंधरा दिवसांनी ताई कामावर आल्या. त्याच दिवशी वरचे मोठे साहेब आमचा प्रयोग बघायला येणार होते. आमच्या साहेबांनी भिंती पुसून घेतल्या होत्या. मोठे साहेब तीन नंबरशी थांबले आणि म्हणाले, दाखवा बघू कसं चालतं ते. ताईंनी फोन पर्समध्ये टाकला, चेन ओढली आणि पर्स मांडीवर ठेवली.

"दाखवणार नाही," त्या म्हणाल्या. "हा फोन माझा आहे. यावर माझ्या बापासाठी फोन येतो. त्या दिवशी अकरा वेळा आला आणि मला कळला नाही, कारण माझा फोन तुमचा कीबोर्ड झाला होता. बारावा फोन या साहेबांनी घेतला. त्यांना विचारा, निरोप कुठे ठेवला."

आवाज अजिबात चढला नव्हता. रांगेतली माणसंसुद्धा ऐकत होती. आमचे साहेब म्हणाले, बाईंची मनःस्थिती बरी नाही. मोठे साहेब घड्याळ बघत निघून गेले. दुपारी ताईंच्या हातात मेमो पडला: असहकार व उद्धट वर्तन.

मला तोपर्यंत स्वतःची लाज वाटत होती, पण मेमो वाचून डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी मी माझा फोन बंद करून ड्रॉवरमध्ये टाकला. भाऊंनी माझ्याकडे बघितलं आणि आपलाही टाकला. मग चार आणि पाच नंबर. मोडक्या कीबोर्डवर जेवढं होईल तेवढंच काम, बाकी रांगेला आम्ही सांगत होतो की साहेबांना भेटा. तीन दिवस साहेबांच्या दारात माणसं उभी होती. चौथ्या दिवशी खोके आले. एकोणीस दिवस आणि तीन अर्जांनी जे जमलं नव्हतं ते.

साहेब स्वतः ताईंचा कीबोर्ड घेऊन आले. गोड आवाजात म्हणाले, आता झालं ना मनासारखं?

"माझे वडील पुन्हा चालायला लागले की विचारा," ताई म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

वडील चालत नाहीत. पलंगावरच असतात. मी ते अ‍ॅप काढून टाकू का म्हणून विचारलं तर ताई नको म्हणाल्या. घरचा जुना कंप्युटर त्यांनी पलंगासमोर लावलाय आणि वडील छातीवर फोन ठेवून, एका बोटाने, स्वतः पानं सरकवत पेपर वाचतात. यंत्रावर ताईंचा राग नव्हताच.

मेमो मात्र अजून फाइलमध्ये आहे. ताईंनी माफी लिहून दिली तर तो मागे घेऊ, असा निरोप साहेबांनी माझ्यामार्फत पाठवला होता. हा निरोप बरा लक्षात राहिला त्यांच्या, असं ताई म्हणाल्या. त्या दर सोमवारी एक अर्ज देतात: मेमो रद्द करावा आणि त्या दिवशीचा फोन कुणी घेतला याची लेखी नोंद व्हावी. कालचा बाविसावा. उत्तर येतं, विचाराधीन आहे. ताई ते फाइलला लावून ठेवतात आणि पुढच्या सोमवारचा अर्ज टाइप करायला घेतात, दहाही बोटांनी, इतक्या जोरात की साहेबांच्या टेबलापर्यंत ऐकू जावं.