हिंगण्याच्या गढीवर एक मुक्काम आणि एकोणतीस वर्षं थांबलेली पगडी

कसब्यात आमच्या आळीत कार्तिक लागला की एकच विषय असतो: हिंगण्याच्या गढीवर यंदा कोण कोण चाललं. गढीची कामं करणाऱ्या कारागिरांना तिथल्या आईसाहेब दर वर्षी आवळीभोजनाला सहकुटुंब बोलावतात. बागेत आवळ्याखाली पंगती बसतात, त्या उठेपर्यंत दिवस कलतो, आणि दिवस मावळला की गढीचे दरवाजे बंद. म्हणून पाहुण्यांचा मुक्काम तिथेच. तांबट जातात, कासार जातात, जिनगर जातात, आणि परतल्यावर महिनाभर तिथल्या कारंज्याचं आणि पुरणपोळ्यांचं वर्णन करून आम्हाला बेजार करतात. आम्ही पगडबंद. बोलावणं आम्हालाही येतं. मी एकोणतीस वर्षांत एकदाही गेलो नव्हतो, यंदा जाऊन आलो. वाटेची, खाण्याची, निजण्याची माहिती पुढे देतोच, पण इतकी वर्षं का गेलो नाही ते आधी सांगायला हवं.

मोठ्या घराण्यांच्या पगड्या आम्ही ठोकळ्यावर बांधतो. ज्याचं डोकं त्याच्या मापाचा लाकडी ठोकळा, त्यावर उंचवटे आणि खळगे सगळे जसेच्या तसे. आमच्या माडीवर फळीवर अशी चाळीसेक डोकी ओळीने बसलेली आहेत. वडिलांनी दोन नियम घालून दिले होते. ठोकळा घराबाहेर कोणाला द्यायचा नाही, आणि एकाच्या नावाने बांधलेली पगडी दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊ द्यायची नाही.

फौज उत्तरेला निघायची होती तेव्हा आईसाहेबांचे एकुलते चिरंजीव यशवंतराव यांनी नवी गुलाबी पगडी सांगितली. मी तेव्हा बावीस वर्षांचा. हात चांगला होता, घाई फार होती. त्या घाईत मी ती शेजारच्या ठोकळ्यावर बांधली. शेवटचा पेच बसवल्यावर वडिलांच्या लक्षात आलं. सगळी उलगडावी लागली, कापड धुऊन, वाळवून, पीळ घालून पुन्हा पहिल्यापासून. दोन दिवस जास्त गेले. यशवंतराव घोड्यावरूनच दारात आले तेव्हा पगडी अर्धीच होती. वडील खाली मान घालून उभे राहिले. यशवंतराव हसले आणि म्हणाले, "राहू दे. परत आल्यावर नेतो." डोक्यावर जुनी, सैल झालेली पगडी घालून ते निघून गेले.

पानिपताहून ते परत आले नाहीत. पडताना कोणी पाहिलं नाही आणि जिवंतही कोणी पाहिलं नाही. पगडी पूर्ण झाली ती ठोकळ्यावर तशीच राहिली. माझ्या घाईमुळे एक माणूस सैल पगडी घालून लढाईला गेला, ही गोष्ट मी कधी कोणाला बोलून दाखवली नाही. सगुणाला, म्हणजे आमच्या कुटुंबाला, न सांगताच ठाऊक होती. दर दसऱ्याला ती पगडीवरची धूळ झटकायची आणि काही बोलायची नाही. यंदा बोलली.

"ही काय तुमच्याबरोबर सरणावर न्यायची आहे का? ज्यांची आहे त्यांच्या घरी पोचवा. आणि तीस वर्षं मी या आळीत आहे. लकडी पुलापलीकडचं जग नुसतं ऐकते आहे. तुम्ही येत नसाल तर मी एकटी जाते."

ती गेली असती.

तर वाटेविषयी. दमणी आमच्याच पेठेतल्या हुसेनभाईंची केली, जाऊन-येऊन सहा आणे, बैलांचा चारा आपल्याकडे. तांबडं फुटताना निघा, म्हणजे ऊन चढायच्या आत पोचता. पगडी ठोकळ्यासकट पंच्यात गुंडाळून करंडीत ठेवली होती, कारण ठोकळ्याशिवाय गाडीच्या धक्क्यांनी ती बसली असती. करंडी सगुणाने मांडीवर घेतली, ती शेवटपर्यंत खाली ठेवली नाही.

नारायण पेठेत फुटाणे घ्यायला थांबलो. दुकानदार जपाची माळ ओढत होते. माळ संपेपर्यंत त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही. मग फुटाणे मोजून देताना करंडीकडे मान वळवली. पंचा एका बाजूला सरकला होता.

"पगडी विकायला चाललात?"

"नाही, पोचवायला."

त्यांनी विटलेला रंग नीट न्याहाळला. "थोडा उशीर झालेला दिसतो आहे," म्हणाले आणि दुसरी माळ सुरू केली.

पुढे लकडी पूल लागतो. कार्तिकात मुठेला पाणी घोट्याच्या वर असतं, तेव्हा गाडी पाण्यातून काढतात आणि माणसं पुलावरून चालत जातात. सगुणाने मध्यावर थांबून फळ्यांच्या फटीतून खाली पाणी पाहिलं, आणि मग पुन्हा मागे जाऊन तेच पाहिलं. पलीकडे एरंडवण्याचे मळे लागतात. जोंधळा जेमतेम वीतभर आला होता, पेरूला फळ धरलं होतं. याच वाटेने मी एकदा वडिलांबरोबर गेलो होतो, यशवंतरावांच्या डोक्याचं माप घ्यायला. तेव्हा रस्ताभर वडील मला पीळ कसा घालायचा ते सांगत होते आणि मी पेरू मोजत होतो. आता ऐकायला मी तयार होतो आणि सांगायला ते नव्हते.

"काका, वाट चुकलो की काय? तुम्ही असे का बसलात?" हुसेनभाईंनी विचारलं.

"वाट बरोबर आहे."

"मग बैल बरे तुमच्यापेक्षा. त्यांना घरी जायचं नसलं तरी ते चालतात."

गढी लांबूनच दिसते. निजामशाहीतली आहे म्हणतात. खाली काळा दगड, वर पांढऱ्या मातीचे बुरूज, आणि दरवाजाला हत्तीने धडक देऊ नये म्हणून लोखंडी खिळे, एकेक हातभर. आत गेलं की चौक, चौकापलीकडे दिवाणखान्याचे कोरीव खांब, आणि मागे बाग. मी डोळे भरून बघणार तोच मल्हारी नावाच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याने करंडीवर बोट ठेवलं.

"काय हाय ह्यात?"

मी सांगितलं. यशवंतरावांचं नाव ऐकून त्याने मला हाताला धरून देवडीत ओढलं.

"पगडबंद, तुमी शाणी मानसं. मोहिमेवरनं नुसती पगडी घरी आली म्हंजी काय, त्ये तुमास्नी ठावं हाय न्हवं? आईसाहेबांनी अजून दिवस घातलं न्हाईत. धनी येनार म्हनूनच बसल्यात. दर पंगतीला त्यांचं पान वाढत्यात. ही पगडी त्यांच्या म्होरं गेली तर त्यांचं काय हुईल, सांगा."

खरं सांगतो, हा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. मी माझ्या उशिराचं ओझं उतरवायला आलो होतो. ते कोणाच्या डोक्यावर उतरणार याचा हिशेब केला नव्हता. मी करंडी झाकली आणि पागेवरच्या माडीवर नेऊन ठेवली. कारागिरांना मुक्कामाला तीच माडी मिळते. घोंगड्या स्वच्छ आहेत, वारा चांगला येतो, खालून घोड्यांचा वासही येतो. ज्यांना सवय नाही त्यांनी खिडकीकडची जागा धरावी.

बाग मात्र ऐकली होती त्याहून चांगली निघाली. चाळीस तरी आवळे असतील, सगळे फळांनी लगडलेले. मधोमध दगडी हौद आणि त्यात तांब्याच्या कमळातून उडणारं कारंजं. आमच्या आळीतले तांबट त्या कमळाभोवती असे उभे होते, जणू कालच घडवून आणलं. सगुणा हौदाच्या काठावर बसली आणि तोंडावर तुषार घेत राहिली. तिला इतकं तरुण मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि याचंही मला वाईट वाटलं. वीस वर्षांपूर्वी आणायला हवं होतं.

पंगत पत्रावळींची. वरणभात, भरली वांगी, आवळ्याची चटणी, पुरणपोळी आणि तूप वाढताना हात आखडत नाहीत. पोळी तिसरी घेतली तर चौथीचा आग्रह होतो, तेव्हा बेताने सुरुवात करा. पंगतीच्या टोकाला एक पाट, भोवती रांगोळी, पान पूर्ण वाढलेलं, आणि पाटावर कोणी नाही. पंगत उठेपर्यंत त्या पानाकडे कोणी बघत नाही. मी बघितलं आणि मला चौथी पोळी गेली नाही.

"उद्या ही करंडी परत न्यायची असेल," माडीवर आल्यावर सगुणा म्हणाली, "तर मला इथेच ठेवा. मी तांबटांबरोबर येईन."

"मल्हारी काय म्हणाला ते सांगितलं ना तुला."

"मल्हारी दरवाजा सांभाळतो. आईसाहेबांचं मन त्याच्याकडे सांभाळायला दिलेलं नाही."

सकाळी आम्ही काही ठरवायच्या आत बोलावणं आलं. आईसाहेबांनी आदल्या दिवशी सज्ज्यातून करंडी पाहिली होती आणि मल्हारीला देवडीत घाबरलेलं पाहिलं होतं. दिवाणखान्याच्या मागच्या सोप्यात कोवळं ऊन आलं होतं, तिथे त्या बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली, ताठ. कपाळावर काही नाही, हातात काही नाही.

"लहान पोर होतास तू," त्या म्हणाल्या. "तुझ्या वडिलांनी माप घेतलं तेव्हा दोरी धरली होतीस. उघड ते."

मी पंचा सोडला. एकोणतीस वर्षांत जे कोणाला सांगितलं नव्हतं ते सगळं सांगून टाकलं, चुकीचा ठोकळा, दोन दिवस, सैल पगडी. माझं संपल्यावर त्यांनी पगडी ठोकळ्यावरून दोन्ही हातांनी उचलली, नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरली. मल्हारी दारात उभा होता. त्याने डोळे मिटून घेतले होते.

"याला त्याचा वासच नाही," आईसाहेब म्हणाल्या. त्यांनी पगडी माझ्या हातात परत दिली. "ही रिकामी झालेली पगडी नव्हे. ही कधी त्याच्या डोक्यावर गेलीच नाही. मला नको ही."

मी उठणार होतो. इतक्यात त्यांचा हात उघड्या ठोकळ्यावर पडला. नुसता टेकायला ठेवल्यासारखा. मग तो थांबला आणि मागच्या बाजूला डावीकडे सरकला. तिथे सुपारीएवढा एक उंचवटा आहे. पगडी बांधताना तो मला नेहमी त्रास द्यायचा.

"झोपाळ्यावरून पडला होता," त्या म्हणाल्या. "पाच वर्षांचा. हळद भरली, तरी टेंगूळ राहिलंच."

त्यांनी ठोकळा मांडीवर घेतला. कपाळ, कानामागचा भाग, टाळू, सगळीकडून बोटं फिरवली. मग त्यांनी आत हाक मारून कोमट तेलाची वाटी मागवली. दिवाळीत मुलाला अभ्यंगाला बसवतात तसं त्यांनी ते तेल टाळूवर थापलं आणि चोळायला लागल्या. सागवान इतकी वर्षं कोरडं होतं, तेल लगेच पीत होतं. "किती वाळलं आहे हे," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि पुन्हा वाटीत बोटं बुडवली. सगुणा माझ्या शेजारी रडत होती. मीही रडत होतो, लपवायचं काही कारण नव्हतं.

शेवटी त्यांनी विचारलं, "हा तुम्ही कोणाला देत नाही ना?"

"नाही आईसाहेब. वडिलांचा नियम आहे." मग मी म्हणालो, "ठेवा आपण."

येताना हुसेनभाईंनी करंडी हलकी झाल्याचं ओळखलं. पुलावर सगुणा पुन्हा थांबली. या वेळी मीही थांबलो. घरी पोचेपर्यंत ठोकळ्याशिवायची पगडी एका अंगाला बसली होती. ती मी तशीच ठेवून दिली.

मार्गशीर्षात मल्हारी कसब्यात आला, नव्या वर्षाच्या पगड्यांचं सांगायला. पाणी प्यायला आणि मग म्हणाला, "आईसाहेबांनी दिवस घातलं."

ज्याचा देह सापडत नाही त्याची पळसाच्या पानांची आकृती करतात आणि तिला अग्नी देतात. डोक्याच्या जागी नारळ ठेवतात. नदीकाठी सगळी तयारी झाली तेव्हा भटजींनी आईसाहेबांना विचारलं, डोक्याचा ठोकळा घरात आहे म्हणतात, तोच ठेवायचा का?

"मग?" सगुणाने विचारलं.

"आईसाहेब बोलल्या, नारळच ठिवा."

मल्हारी गेल्यावर मी ती पगडी उलगडायला बसलो. वरचे पेच विटून पांढरट झाले होते. आत जाऊ लागलो तसा रंग गडद होत गेला, आणि शेवटचा पदर सुटला तो यशवंतराव दारात आले होते त्या दिवसाइतका गुलाबी होता. सगुणाने कापडाची घडी केली. फळीवर त्या ठोकळ्याची जागा आम्ही मोकळीच ठेवली आहे, दसऱ्याला तीही पुसत जाऊ.

पुढच्या कार्तिकात तुम्ही गेलात तर पंगतीच्या टोकाला पाट मांडलेला दिसणार नाही, असं मल्हारीने सांगितलं आहे. दिवाळीच्या पहाटे मात्र आत कोमट तेलाची एक वाटी जास्तीची लागणार आहे.