छत्रीमावशीचं ऊन

छत्रीमावशी थंडीतल्या कोवळ्या उन्हातही छत्री उघडायची. आमच्या फाटकापासून दारापर्यंत जेमतेम पंधरा पावलं, पण तेवढ्यासाठीही ती एक काडी मोडलेली काळी छत्री डोक्यावर हवीच. आमच्या अड्याळ गावची पोरं मागून हसायची. ती वळून शांतपणे म्हणायची, "हासा बाप्पा. तपन कोनाले वळखत नाई." आमच्याकडे कडक उन्हाला तपन म्हणतात. तिच्या तोंडी तो शब्द जुन्या वैऱ्याचं नाव घ्यावं तसा यायचा.

मी गावातल्या शाळेत विज्ञान शिकवते. नवरा नोकरीसाठी नागपूरला, शनिवारी येणार. मिनू दहा महिन्यांची झाली, माझी रजा संपली आणि मावशी तिला सांभाळायला येऊ लागली. येताना घरच्या म्हशीचं दूध आणायची. "पे माय, हाडं लोखंडावानी होतीन," म्हणत वाटी तोंडाला लावायची. संध्याकाळी मी परतले की खिडक्यांना ओल्या चादरी, घर थंडगार, पोर गुटगुटीत आणि गोरीपान. लोकांच्या पोरी उन्हात करपतात, माझी नाही, असं मी चारचौघींत मिरवलंसुद्धा.

तिची भीती कुठून आली हे तिने एकदाच सांगितलं, तांदूळ निवडता निवडता. उन्हाळी धानाची कापणी चालली होती. तीन वर्षांच्या लेकीला तिने धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बाभळीखाली निजवलं होतं. "सावली सरकली बाई. मी वाकून कापून राहिली होती, मले समजलंच नाई." ऊन लागून लेक गेली, एवढंच ती पुढे म्हणाली. मात्र त्या दिवसापासून खिडकीची चादर मीही जरा ओढूनच घ्यायला लागले.

मिनू दीड वर्षाची झाली, पावणेदोन वर्षांची झाली, तरी चालेना. धरून उभं केलं की पाय बाहेर वाकायचे आणि ती रडत खाली बसायची. मनगटं सुजल्यासारखी जाड दिसायला लागली. रोज आंघोळ घालताना मी तिचे पाय सरळ धरून बघायची. शेवटी तिला भंडाऱ्याला नेलं. डॉक्टरांनी मनगट दाबून पाहिलं, एक्स-रे काढला, रक्त तपासलं. म्हणाले, "मुडदूस आहे. ड जीवनसत्त्व फारच कमी."

"पण ती रोज दूध पिते, तेही घरचं."

"दुधात कॅल्शियम भरपूर आहे हो. ते अंगी लागायला ड लागतं, आणि साध्या दुधात ते नावापुरतंच असतं. काही पाकिटांच्या दुधात वरून घालतात, तेवढंच. मी थेंब लिहून देतो. मॅडम, ही मुलगी कधी उन्हात जाते का?"

ड जीवनसत्त्व उन्हातून मिळतं, हेच मी सहावीच्या पोरांकडून दरवर्षी पाठ करून घेत होते. इतकी लाज वाटली की पाय सरळ होतील ना, एवढं विचारायलाही धीर होईना. विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "बहुतेक होतील." तो 'बहुतेक' मी बसमध्ये मिनूबरोबर मांडीवर घेऊन आले.

मावशीला सांगायचं म्हणजे आणखी धास्ती. ऐकून ती आधी म्हणाली, "माह्या म्हशीच्या दुधाले का झालं बाई?" मी समजावलं, दूध चांगलंच आहे, पण एकट्या दुधाने भागत नाही. तिने मिनूचे पाय हाताने चाचपून पाहिले. मग म्हणाली, "तपनीत नेऊ तिले? मी?" आता ही काही उद्या येत नाही, असं मी धरूनच चालले.

ती आली. दारापुढच्या ओट्यावर सकाळच्या उन्हात सतरंजी अंथरली, मिनूला बसवलं, शेजारी बसली आणि छत्री मिटली. तिला उन्हात उघड्या डोक्याने मी पहिल्यांदाच पाहत होते. एक हात सारखा पोरीच्या कपाळावर. ओठ सुकलेले. घटकेघटकेला विचारायची, "झालं का बाई?" मी घड्याळ बघून नाही म्हणायची. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तशीच बसली. तिसऱ्या दिवशीही.

थेंब चालू होते, दूध चालू होतं, ऊनही चालू होतं. चार महिन्यांनी एका सकाळी मिनूने ओट्याचा खांब सोडला आणि फाटकाकडे पाच पावलं टाकली. मी तिथेच रडायला लागले. मावशी रडली नाही. ती छत्री उघडून पोरीमागे धावली.

गेल्या हिवाळ्यात मावशी गेली. तिच्या सुनेनं ती छत्री आमच्याकडे आणून दिली. मिनू आता आठ वर्षांची आहे, पाय सरळ आहेत, आणि मे महिन्याच्या भर दुपारी ती घरासमोरच्या मैदानात पळत असते. सकाळचं ऊन किती हवं आणि दुपारचं किती वाईट, ते मला पुस्तकातल्या ओळींसकट पाठ आहे. पण दारात उभी राहिले की मला पुस्तक आठवत नाही. मैदानातल्या कडुलिंबाची सावली कुठवर सरकली तेवढंच दिसतं. मग मी ती मोडक्या काडीची छत्री घेऊन मैदानात जाते.

"आई, उघडू नको ना, सगळे हासतात," मिनू म्हणते.

"हासू दे," म्हणते आणि मी उघडते.