जुन्या रेडिओतला नवा व्हॉल्व्ह

मुंबईच्या कंपनीचं दोन ओळींचं पत्र आलं. तुम्ही मागवलेला व्हॉल्व्ह बनवणं आम्ही बंद केलं आहे, नवा रेडिओ घ्यावा. जसे काही देऊळघाटसारख्या खेड्यात रेडिओ झाडाला लागतात! बुलढाण्यात रेडिओ दुरुस्त करणारा मी एकटा, त्यामुळे माझ्याएवढी अक्कल कुणालाच नाही असं मला तेव्हा वाटायचं.

रेडिओ देऊळघाटच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा. गाण्यापायी बापाशी भांडून घर सोडलेला त्यांचा मुलगा सोमवारी संध्याकाळी नागपूर केंद्रावर गाणार होता.

"त्याचं गाणं म्या कधी बसून आयकलंच नाही," म्हातारा म्हणाला. "या खेपेले आयकू द्या, मिस्त्री."

व्हॉल्व्ह म्हणजे काचेची नळी. आतली तार तापली की रेडिओ बोलतो. जुनी नळी दोन व्होल्टची, बाजारात मिळणारी दीडची. मी नव्या नळीला जुनं बूड बसवलं आणि जास्तीचा जोर अडवायला मध्ये रेझिस्टन्स घातला. किती घालायचा, ते त्यांनी सोबत आणलेल्या बॅटरीवर मोजलं. बॅटरी अर्धी उतरलेली आहे हे मला दिसत होतं. चालतंय ना, मग झालं, म्हणून सोडून दिलं.

सोमवारी मी मोठ्या ऐटीत देऊळघाटला गेलो. निवेदकानं मुलाचं नाव घेतलं, तंबोरा सुरू झाला आणि रेडिओ बंद पडला. नळीतली तार जळाली होती. त्या दिवसासाठी म्हाताऱ्यानं मुद्दाम मोटारवाल्याकडून बॅटरी पुरती भरून आणली होती, आणि तिच्या जोरापुढे माझा रेझिस्टन्स कमी पडला.

"माह्यंच चुकलं," ते म्हणाले. "काऊन भरून आणली म्या?"

चूक माझी होती. मी गप्प बसलो. त्याची लाज अजून जात नाही.

दिवाळीत मुलगा घरी आला, तेव्हा त्यांनी मलाही फराळाला बोलावलं. मुलानं भीतभीतच विचारलं, "आयकलं का, बाबा?"

"हाव तर! लय झाक गायला तू. हे मिस्त्री होते ना संगं, इचार त्यायले."

बापाची बाजू राखायला मी घाईनं म्हणालो, "दुसरं गाणं तर फारच रंगलं."

मुलगा माझ्याकडे पाहत राहिला. "मी एकच गायलो होतो," तो म्हणाला आणि ताट सरकवून उठला.

बापानं रेडिओ लावलाच नाही, असं तो समजला. म्हातारा मान खाली घालून बसला होता. माझं तोंड तेव्हाही उघडलं नाही.