'नाक' लिहिलेली डबी

सासऱ्यांनी त्याचं नाव पहिल्या भेटीतच 'पंडित' ठेवलं, आणि खरं सांगायचं तर ते त्याने स्वतःच्या तोंडाने ओढवून घेतलं. होणाऱ्या बायकोने त्याला वडिलांना भेटवायला घरी नेलं होतं. भिंतीवर एक फोटो होता. दोन इंजिनांचं बॉम्बफेकी विमान आणि त्याच्या पंखाखाली ओळीने उभे सहा मेकॅनिक. डावीकडून दुसरे, कान बाहेर आलेले, ते सासरे. लढाईची चार वर्षं त्यांनी ते एकच विमान सांभाळलं होतं. अशा वेळी शहाण्या माणसाने 'वा!' म्हणावं आणि चहा प्यावा. पण आमचा गडी तेव्हा सव्वीस वर्षांचा. प्लास्टिकचे सुटे भाग जोडून लढाऊ विमानांची छोटी मॉडेलं करायचा नाद लागून जेमतेम दोन वर्षं झालेली आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला. तो फोटोजवळ गेला, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "यात काहीतरी चुकलंय. या विमानाच्या पाठीवर बंदुकीचा घुमट असतो."

"आम्ही काढला होता," सासरे म्हणाले. "वजन कमी करायला. या हातांनी."

"हो, पण पुस्तकात तर..."

सासरे मुलीकडे वळले. "या पंडितांना आणखी चहा हवा का, विचार."

त्यानंतर एकतीस वर्षं ते त्याच्याशी थेट बोलले नाहीत. भांडण असं नव्हतं. जे काही सांगायचं ते मुलीमार्फत जायचं, एवढंच. सासूबाई गेल्यावर ते मुलीकडे राहायला आले, तरी ही पद्धत बदलली नाही. तिघं एका टेबलावर जेवायला बसत आणि सासरे मुलीला म्हणत, "पंडितांना विचार, मीठ संपलं का त्यांचं." मीठ पंडितांच्या हाताशी आणि पंडित त्यांच्या समोर. बायको दोघांच्या मधलं पोस्ट ऑफिस होऊन बसली होती आणि त्या नोकरीला तिला ना रजा ना निवृत्ती.

पोटापाण्यासाठी तो कवळ्या बनवायचा. दातांच्या एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागे खिडकी नसलेली खोली होती, तिथे. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण याचं तीस वर्षं त्यावरच भरत होतं. तिथले चिमटे, कानशी, तारा आणि बारीक ब्रश घरच्या बंद गॅलरीत येत आणि कधी कधी गॅलरीतले ब्रश चुकून तिकडे जात. एकदा एका मुख्याध्यापिकाबाईंच्या पुढच्या दाताला हिरवट छटा आली. डॉक्टरीणबाईंनी कवळी उजेडात धरली आणि म्हणाल्या, "हा रंग दातांच्या तक्त्यात नाही. कुठल्या तक्त्यात आहे?" तो लढाऊ विमानांच्या पोटाच्या रंगांच्या तक्त्यात होता, पण हे सांगण्यात अर्थ नव्हता.

गॅलरीत चौसष्ट विमानं होती. कपाटावर त्रेचाळीस न उघडलेली खोकी होती. स्वतः तो आयुष्यात एकदाच विमानात बसला होता आणि चाकं उचलल्यापासून उतरेपर्यंत त्याने पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. त्या सीटवरच्या बाईंनी दोनदा मागे वळून पाहिलं होतं.

त्रेचाळिसातलं सगळ्यात खालचं खोकं सासऱ्यांच्या विमानाचं. एकोणीस वर्षं ते तिथे होतं. उघडायची त्याची छाती होत नव्हती. बाकी विमानांत काही चुकलं तर ओळखणारं घरात कोणी नव्हतं. या विमानाचा परीक्षक मात्र पलीकडच्या खोलीत पेपर वाचत बसलेला असायचा.

मग तो पेपर नाकाला टेकायला लागला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि बाहेर येऊन हळू आवाजात सांगितलं की मधली नजर जात चालली आहे, उपाय नाही, फार तर सहा-आठ महिने.

त्या संध्याकाळी बायको गॅलरीच्या दारात येऊन उभी राहिली. "अहो, बाबांचं ते विमान करा ना. त्यांना दिसतंय तोवर. तुमच्या या खेळण्यांचा एकदा तरी कुणाला तरी उपयोग होऊ दे."

त्याने खोकं काढलं. त्यावरची धूळ पुसताना त्याला हेही कबूल करावं लागलं की उपयोग त्याचा त्यालाच जास्त होता. सासऱ्यांनी ते विमान बघावं, आणि टेबलापलीकडून त्याला, म्हणजे त्याला स्वतःला, एक वाक्य म्हणावं. 'बरं जमलंय' चाललं असतं. 'ठीक आहे' सुद्धा.

आठ महिने हाताशी होते. शहाण्याने ते अडीच महिन्यांत उरकलं असतं. आमच्या गड्याने नुसतं कॉकपिट पाच महिने केलं. करंगळीच्या पेराएवढ्या फळीवर एकोणतीस मीटर, प्रत्येकात काटा हवा, तो रंगवायला एका केसाचा ब्रश. वैमानिकाच्या सीटचे पट्टे त्याने बाटलीच्या झाकणाखालच्या चांदीच्या कागदातून कापले, आणि त्यांना बक्कलंही केली.

"झालं का?" बायको विचारायची.

"पट्टे राहिलेत."

"विमानाची डावी-उजवी दोन अंगं जोडल्यावर ते दिसतील?"

"नाही. पण आहेत हे माहीत असायला हवं."

"कुणाला?"

यावर तो केसाचा ब्रश तोंडात धरून गप्प बसायचा. ब्रश तोंडात असला की बोलता येत नाही, ही या छंदातली मोठी सोय आहे.

तिकडे सासरे पाण्याचा तांब्या पेल्याशेजारी ओतू लागले होते. तो ते बघत होता. त्याला कळत नव्हतं असं नाही. रोज गॅलरीत जाताना तो ठरवायचा की आज पट्टे सोडून चाकं लावायची, आणि रोज खुर्चीवर बसला की हात पट्ट्यांकडे जायचा. चुकायची भीती असली की माणूस जे उत्तम जमतं तेच पुन्हा पुन्हा करत बसतो.

सातव्या महिन्यात एका सकाळी दहा वाजता, खोलीत लख्ख ऊन असताना, सासऱ्यांनी मुलीला हाक मारली. "दिवा लाव गं, केवढा अंधार केलाय."

गॅलरीत त्याच्या हातात पंख होता. पलीकडे बायकोची पावलं वाजली. मग दिव्याचं बटण दाबल्याचा आवाज आला. तिने खरंच दिवा लावला होता.

त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तो पंख खाली ठेवून हातांकडे बघत बसला. केसाएवढे काटे रंगवले या हातांनी, आणि एका म्हाताऱ्याला एक विमान वेळेत दाखवता आलं नाही. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, आणि याच्या घोड्याला अजून पायही नव्हते.

उरलेलं काम त्याने नऊ दिवसांत संपवलं. रविवारी जेवण झाल्यावर, सासरे टेबलाशीच बसले असताना, त्याने विमान आणून पुसलेल्या टेबलावर ठेवलं.

विमान क्षणभर तिन्ही चाकांवर उभं राहिलं. मग त्याचं नाक सावकाश वर गेलं आणि ते टक् करून शेपटावर बसलं.

या जातीच्या विमानांना एक चाक नाकाखाली असतं आणि दोन पंखांखाली. खऱ्या विमानात पुढे यंत्रं, माणसं, लोखंड असतं. प्लास्टिकच्या नाकात हवा असते. म्हणून दोन अंगं जोडायच्या आधी नाकात शिसं भरायचं, हे खोक्यातल्या कागदावर चौथ्या पायरीला चौकट करून छापलेलं असतं. छंदातलं कालचं पोरही ते विसरत नाही. आणि हा विसरलाही नव्हता. त्याने पाच महिन्यांपूर्वीच शिशाचे बारीक तुकडे तोलून एका कवळीच्या डबीत भरून ठेवले होते. डबीवर चिठ्ठी चिकटवली होती, 'नाक'. डबी टेबलाच्या खणात होती. पट्ट्यांची बक्कलं त्याच खणात होती. बक्कलं काढताना दर वेळी तो डबी बाजूला सरकवत होता.

माणसं तोंडघशी पडतात. याचं विमान शेपटावर पडलं होतं. बायकोने तोंडावर हात घेतला. तिला हसू आलं होतं आणि मग नवऱ्याचं तोंड बघून ते गेलं.

"काय चाललंय?" सासऱ्यांनी मुलीला विचारलं. "काय ठेवलं टेबलावर?"

"तुमचं विमान, बाबा. यांनी केलंय."

सासऱ्यांनी दोन्ही हात पुढे केले. आणि तेव्हा आमच्या गड्याने जे केलं ते सांगायला नको, पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्याने एका बोटाने विमानाचं नाक हळूच खाली दाबून धरलं. आंधळ्या माणसाला फसवायला!

म्हाताऱ्याची बोटं शेपटापासून निघाली. पाठीवरून जाताना एका जागी थांबली. तिथे बंदुकीचा घुमट नव्हता. पुस्तक बाजूला ठेवून त्याने तिथे सपाट पत्रा केला होता. बोटं तिथे दोनदा फिरली. मग इंजिनं, मग पात्यांची टोकं, मग पुढे, पुढे, आणि नाकावर येऊन ती त्याच्या बोटावर आपटली.

"हे बोट कुणाचं?"

म्हाताऱ्याने त्याचं नख चाचपून पाहिलं.

"पंडित, तुमचं का?"

"हो," तो म्हणाला. एकतीस वर्षांनी थेट प्रश्न आला, आणि तो असा.

"सोडा."

त्याने बोट उचललं. टक्. सासऱ्यांचे हात शेपटाकडे गेले, तिथून वर गेलेल्या नाकाकडे, तिथून हवेत लोंबणाऱ्या पुढच्या चाकाकडे. त्यांचे खांदे हलू लागले. बायको घाबरून उठली. ते हसत होते. कवळी न घातलेल्या तोंडाने, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ती कवळीही याच्याच हातची, आणि चार वर्षं पेल्यात पडून होती.

"टेकू कुठाय?" ते म्हणाले.

"कसला टेकू?"

"अरे, शेपटाखालचा! मागच्या बाजूला कुणी चढणार असलं की आधी शेपटाखाली टेकू लावायचा. पहिल्याच महिन्यात मी विसरलो. चौघं मागे झाडायला चढले आणि एवढं मोठं धूड असंच बसलं, नाक आभाळाकडे. आत साहेब होता. कॉफीचा मग घेऊन. आठवडाभर मला कचेरीपुढचे दगड चुन्याने रंगवायला लावले. लढाई संपेपर्यंत सगळे मला 'शेपूट' म्हणत."

"बाबा, हे तुम्ही कधी सांगितलं नाही," बायको म्हणाली.

"सांगायची गोष्ट आहे का ती?" म्हातारा म्हणाला आणि मान वळवून त्याच्या दिशेने बघू लागला. दिसत नव्हतं, तरी दिशा बरोबर होती. "हे तुमच्या पुस्तकात असेलच."

"नाही," तो म्हणाला. "पुस्तकात नाही."

"मग आण काहीतरी. हे असं किती वेळ बसणार?"

तो गॅलरीतून कवळ्यांची तार घेऊन आला. लांबी सासऱ्यांनी बोटाने सांगितली, अंगठ्याच्या पेरापेक्षा किंचित कमी. त्याने कापली, घासली, खाली छोटा पाय वळवला. पण त्याला ती लावू दिली नाही. म्हाताऱ्याने ती स्वतः लावली. दोनदा निसटली. तिसऱ्यांदा शेपूट तारेवर टेकलं, पुढचं चाक टेबलावर आलं आणि विमान सरळ उभं राहिलं.

"आता भोक पाडून शिसं भरता येईल ना नाकात?" बायकोने विचारलं.

"येईल," तो म्हणाला, पण उठला नाही.

सासरे विमानाच्या काचेवर नखाने टिचकी मारत होते. "आत काही आहे, की पोकळच?"

"सगळं आहे. मीटर, काटे, सीटचे पट्टे. पण बाहेरून कुणालाच दिसत नाही."

"मला तर नाहीच," सासरे म्हणाले. त्यांनी खुर्ची टेबलाशी ओढली. "सांग. डावीकडून."

त्याने सांगायला सुरुवात केली. पहिला मीटर उंचीचा. "हं." दुसरा वेगाचा. "हा दहाने जास्त दाखवायचा, आम्हाला पाठ होतं." तिसऱ्यापाशी तो अडला. एरवी त्याने पुस्तकातला आकडा ठोकून दिला असता.

"तिसऱ्याचा काटा नाही," तो म्हणाला. "रंगवताना ब्रशचा केस तुटला. मग ते तसंच राहिलं."

"तेलाचा. आमचाही कधी चालला नाही," सासरे म्हणाले. "पंडित, तू चुकतोस तिथेच तेवढा बरोबर येतोस बघ."

बायकोने टेबलावरचा पेपर उचलला आणि खिडकीपाशी जाऊन पाय वर घेऊन वाचत बसली. मधे कुणी तिला काही विचारलं नाही.

"हं," सासरे म्हणाले, "चौथा."