विहीणबाईंचं टेबल

अख्ख्या सोलापुरात कागद जिला घाबरतो अशी एकच बाई आहे, आणि ती माझी विहीण आहे. तुमच्या-माझ्या हातात कागद चुरगळतो, फाटतो, वाकडा जातो. हिने नुसती तळहाताची कड फिरवली की तोच कागद मास्तरांसमोर पहिलीतलं पोर बसावं तसा गप बसतो. मी उगीच कोणाचं कौतुक करत नाही, आणि विहिणीचं तर नाहीच नाही. पण जे डोळ्यांनी बघितलं ते सांगायला काय हरकत आहे?

बाई विणकरांच्या घरातल्या. घरात तेलुगू, दारात मराठी, आणि संतापल्या की दोन्ही एकदम. टॉवेलच्या कारखान्यात घडी घालायच्या कामावर त्यांचा सारा जन्म गेला. माझ्या लेकीने त्यांच्या मुलाशी परस्पर जमवलं तेव्हा मी दोन महिने ह्या बाईंशी बोलले नव्हते. त्याचा त्यांच्यावर काही परिणाम झालेला दिसला नाही. जावयाचं शुक्रवार पेठेत भेटवस्तूंचं दुकान आहे. घड्याळं, स्टीलचे डबे, फोटोफ्रेमा, लहान मुलांची खेळणी. कारखान्यातलं काम सुटल्यावर एक दिवस बाई मुलाला जेवणाचा डबा द्यायला दुकानात गेल्या, तर मुलगा एका घड्याळाला कागद गुंडाळून वर चिकटपट्टी मारत होता. एक पट्टी, दोन पट्ट्या, सात पट्ट्या. "अरे, पाय मोडलाय का त्याचा?" बाईंनी विचारलं, आणि घड्याळ ओढून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात त्यांचं टेबल लागलं. मालकाच्या आईने असं गिऱ्हाइकाची पुडकी बांधत बसणं बरं दिसत नाही, हे सांगायला मी मुद्दाम गेले. त्यांनी माझ्या हातात कागदाचं एक टोक दिलं आणि म्हणाल्या, "धरा विहीणबाई. सरळ धरा." तासाभराने मी घरी आले तेव्हा लक्षात आलं की बोलायचं राहूनच गेलं.

चिकटपट्टीला त्या हात लावत नाहीत. घडीत घडी अशी अडकवतात की पुडकं जिन्यावरून पडलं तरी सुटत नाही. इथपर्यंत कोणाची तक्रार नव्हती. तक्रार होती त्यांच्या प्रश्नांची. वस्तू कोणाला द्यायची हे कळल्याशिवाय बाई कागद उचलत नाहीत. कोणाला, का, माणूस कसा आहे, चष्मा आहे का, हात थरथरतात का. एका सुनेने सासूसाठी साडी आणली, तर बाईंनी वरची गाठ मुद्दाम सैल ठेवली आणि तिला सांगितलं की म्हातारीला सोडता आली नाही तर पहिला टोमणा तुला तिथंच बसेल. एकाने साहेबांसाठी पेनचा जोड आणला. त्याला कागद इतका ताठ केला की पुडक्यावर टिचकी मारली तर वाजायचं. चिंचोळीच्या एमआयडीसीतला एक गृहस्थ लग्नाच्या वाढदिवसाला बायकोसाठी कुकर घेऊन टेबलापाशी आला. बाईंनी कुकर बघितला, त्याला बघितला, आणि विचारलं, "ह्यातला भात कोण खाणार?" तो म्हणाला, आम्ही सगळेच की. "मग ही भेट घराला झाली. बायकोला काय घेतलं?" तो तसाच परत वळला आणि एक छोटं मनगटी घड्याळ घेऊन आला. नशीब त्याचं आणि जावयाचं. सगळीच गिऱ्हाइकं वळत नसत. काही तर थेट पायरी उतरून जात. शिवाय प्रश्नांच्या नादात एका मास्तरांचा टेबलावर ठेवलेला चष्मा भिंतीवरच्या घड्याळाबरोबर कागदात गेला. मास्तर परत आले, पण बाई पुडकं सोडायला तयार नाहीत. बांधलेलं पुडकं ज्याचं त्यानेच सोडायचं. शेवटी मास्तर मंगल कार्यालयात चाचपडत गेले आणि स्टेजवर नवरीला सांगून आपला चष्मा आहेरातून काढून घेतला.

त्या दिवशी जावयाचा धीर सुटला. दोऱ्यांच्या चकचकीत तयार पिशव्या त्याने मागवल्या. म्हणाला, "आई, माणसं घाईत असतात. वस्तू टाकली की चालले." येत्या शुक्रवारी लग्नाची दाट तिथी होती. त्या दिवशी दारात पिशव्या आणि मागे टेबल, दोन्ही ठेवायचं, असं त्याने ठरवलं. लोकांनी पिशव्या घेतल्या तर सोमवारी टेबल निघणार आणि तिथं काचेचं कपाट येणार. बाई एवढंच म्हणाल्या, "ठेव की." पण रात्रभर झोपल्या नाहीत, हे मला लेकीने सांगितलं.

शुक्रवारी मी सकाळीच जाऊन शेजारी बसले. मला कपाटाशी काही वैर नव्हतं, पण बाईंचं तोंड बघवत नव्हतं. गर्दी अशी की दारात चपलांचा डोंगर झाला. पिशव्या भराभर चालल्या होत्या. दुपारपर्यंत टेबलाकडे तीन माणसं आली, त्यातला एक पंख्याची हवा घ्यायला. मी बाईंना स्पष्ट सांगितलं, तोंड बंद ठेवा, नुसतं बांधा. त्यांनी ऐकलं. पुढच्या गिऱ्हाइकाच्या फोटोफ्रेमला एक अक्षर न बोलता कागद लावला, आणि काय सांगू, पुडकं वाकडं झालं. एक कोपरा बाहेर आला. त्या गिऱ्हाइकाला काही कळलं नाही, पण बाई आपल्या हातांकडे बघतच बसल्या. मला वाटलं, संपलं हे टेबल.

तेवढ्यात एक म्हातारे रिक्षावाले चाचा आत आले. त्यांनी तीन चाकांची लाल सायकल घेतली होती. जावयाने सगळ्यात मोठी पिशवी काढली, त्यात एक चाकसुद्धा बसेना. "तशीच न्या चाचा," तो म्हणाला. चाचा म्हणाले, तशी नेली तर ती बाजारातून आणल्यासारखी दिसंल.

बाई उठल्या. "कोणाला आहे?"

"नातीला अम्मा. उद्या तीन वर्साची होती. लई हट्टी हाय."

मग जे सुरू झालं ते मी जन्मात बघितलं नव्हतं. बाईंनी सायकल टेबलावर चढवली. प्रत्येक चाकाला वेगळा कागद, दांड्याला वेगळा, सीटला टोपी घातल्यासारखा. मी टोकं धरतेय, लेक कागद कापतेय, चाचा नातीच्या एकेक खोड्या सांगतायत आणि बाईंचे हात पळतायत. कागद संपला तेव्हा जावई स्वतः शिडीवर चढला आणि माळ्यावरचा पिवळा गठ्ठा त्याने खाली दिला. दारातली माणसं पिशव्या हातात धरून आत आली. कोणी मोबाइल काढले, कोणी पैज लावली की हँडल बांधता येणार नाही. हँडल बांधलं. घंटीसुद्धा वेगळी बांधली, आणि ती कागदातून वाजली. एक पोरगा मागून म्हणाला, एवढं करून कळतंयच की सायकल हाय म्हणून.

"कळू दे," बाई म्हणाल्या. "तिच्यासाठी बांधलीय, हे पण कळंल."

चाचा गेले. ज्यांनी पिशव्या घेतल्या होत्या त्यातल्या चौघांनी त्या परत ठेवल्या आणि टेबलासमोर उभे राहिले. बाईंनी पहिल्याला विचारलं, कोणाला? सोमवारी कपाट आलं, पण ते दाराजवळ लागलं.

रविवारी, म्हणजे कपाट यायच्या आदल्याच दिवशी, चाचा पुन्हा दुकानात आले. पोरगी कागद काढूच देत नव्हती. तशीच चालवत होती आणि कोणी हात लावला तर रडत होती. ऐकताच बाईंनी चप्पल घातली आणि मलाही ओढलं. चाचांच्या रिक्षातून आम्ही दोघी त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी उतरलो. पोरगी गल्लीत फेऱ्या मारत होती. चाकांचा कागद फाटून लोंबत होता, सीटवरची टोपी कुठं पडली होती कोण जाणे, हँडलचा मात्र शाबूत होता.

इतकी मेहनत मातीत गेली म्हणून बाई हळहळतील असं मला वाटलं. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "इतकी वर्षं बांधून देतेय, विहीणबाई. नेलेल्याचं पुढं काय होतं, हे आजच बघितलं."

उन्हाने डोकं तापलं होतं आणि घरी माझी भाजी निवडायची पडली होती. एरवी मी चला म्हणाले असते. त्या दिवशी म्हणाले नाही. पोरगी आणखी एक फेरी मारून आली, मग आणखी एक, आणि आम्ही उभ्याच राहिलो.