गैबी मणेराचे हात

गैबी मणेर कोल्हापुरात बायकांना बांगड्या भरायचा. हात लोण्यासारखे मऊ. बांगडी कितीही आवळ असो, मनगटात कधी गेली ते बाईला कळायचं नाही. आसपासच्या गावांतूनही त्याला बोलावणी यायची.

त्या हातांना पत्त्यांचंही वेड होतं. एकदा गडमुडशिंगीच्या गणपतरावांच्या लेकीचा चुडा भरायचा होता. गैबी सकाळीच निघाला, पण वाटेत एका मळ्यात तीन पत्तीचा डाव रंगला होता, तिथं तो टेकला. तिकडं हळदीची नवरी हात पुढं करून बसून राहिली. दुपार टळल्यावर गणपतरावांचा गडी चौकशीला गैबीच्या घरी आला. बायको सलिमानं शेजारच्या मणेराकडून बांगड्या मागून घेतल्या आणि ती उन्हातान्हाची गडमुडशिंगीला धावली. नवरीचा चुडा तिनंच भरला.

संध्याकाळी घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "तितल्या बायका मला एक शब्द बोलल्या न्हाईत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

दुसऱ्या दिवशी गैबीनं दर्ग्यात जाऊन शपथ घेतली. तीन वर्षं पत्त्याला शिवला नाही.

मग १९२१ साल उजाडलं. महाराजांच्या राज्यात तेव्हा गावात सिनेमाचं नवं खूळ शिरलं होतं. दिगंबरपंत नावाचे एक गृहस्थ जुगाऱ्यावर सिनेमा काढत होते. मुख्य नट होता नाटकातला. रडायचा झकास, पण पत्ते पिसायला लागला की पानं जमिनीवर. पंतांचे पडदे रंगवणारा पिराजी गैबीच्या गल्लीतला. तो म्हणाला, "पंत, आमच्या मणेराचं हात बगा. पानं पाण्यागत पळत्यात."

पंतांनी गैबीला बोलावलं. तोंड दिसणार नव्हतं, नुसते हात. गैबी आधी नाही म्हणाला. मग मनाशी म्हणाला, हा काही डाव नव्हे, काम आहे. सलिमाला त्यानं सांगितलं, कंपनीत मेजं पुसायचं काम मिळालंय.

पहिल्या दिवशी पानं हातात पडली आणि अंगठा आपोआप चालायला लागला. पंत खुश झाले. गैबीनं मात्र काम होताच पानं खाली ठेवली. चित्र उन्हातच घेता यायचं, म्हणून उन्हासाठी थांबायचं, ढग आला की पुन्हा थांबायचं, असं ते काम. त्या रिकाम्या वेळात कंपनीतली माणसं आंब्याखाली डाव मांडायची. तीन दिवस गैबी लांब बसला. चौथ्या दिवशी त्यात बसला.

आठवड्यानं त्यानं पंतांना सांगितलं, "साहेब, मी उद्यापास्नं येत न्हाय."

"वेडा की काय? निम्मं चित्र झालंय," पंत म्हणाले. "आता दुसऱ्याचे हात कुठून आणू? लोकांना फरक कळेल."

गैबी दुसऱ्या दिवशी गेला. तिसऱ्या दिवशीही. काम संपलं, तरी आंब्याखालचा डाव सुटला नाही.

चित्रण चालू असताना एकदा तो पंतांना धीर करून म्हणाला होता, "जिकल्यावर जुगारी असा दात काढून हसणार न्हाय. हसायला सवड कुठं असती? त्येचं ध्यान फुडच्या पानावर."

"अरे, पडद्यावर लोकांना समजायला नको का?" पंत म्हणाले, आणि नटाला आणखी जोरात हसायला लावलं.

सिनेमा लागला तेव्हा पिराजीनं दुपारच्या खेळाला दोघांनाही नेलं. सलिमा बायकांच्या बाजूला बसली. पडद्यावर जुगाऱ्यानं घर घालवलं, बायकोचे दागिने घालवले. शेवटी तापानं फणफणलेलं लेकरू पाहून त्याचे डोळे उघडले. त्यानं पत्ते नदीत भिरकावले आणि बायकोनं त्याला ओवाळलं. सगळं थेटर मुसमुसत होतं. गैबीला रडू आलं नाही. पडद्यावर त्याचेच हात भिंतीएवढे मोठे होऊन पानं पिसत होते, तेव्हा त्याचा अंगठा मांडीवर हलायला लागला होता. पत्ते नदीत पडले तेव्हा ते हात नटाचे होते. ते दृश्य पंतांनी लांबून घेतलं होतं. तिथं गैबीची गरज पडली नव्हती.

बाहेर पंत उभेच होते. "काय मणेर, कसा वाटला?"

गैबी काही बोलायच्या आत डोक्यावरचा पदर सावरत सलिमा पुढं झाली.

"हात खरं हाईत. माणूस खोटा."

पंत हसले. "म्हणजे काय बाई?"

"पत्तं नदीत टाकून सुटतंय व्हय? ह्यांनी दर्ग्यात शपत घेतल्याली. तीन वर्सं पाळली. तुमच्याकडं आलं आन् मोडली."

गैबी गर्रकन तिच्याकडं वळला. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगाय पायजे? पडद्यावर तुमचं हात वळखलं मी. आन् झोपेत तुमचा अंगठा चालतोय की."

पंत ओशाळले. खाली बघत त्यांनी विचारलं, "मग शेवट कसा दाखवायला हवा होता?"

"त्ये मला ठावं असतं तर मी हितं कशाला हुबी ऱ्हायले असते?" सलिमा म्हणाली. "तुमची ती बाई नवऱ्याला ओवाळती. पर दुसऱ्या दिवशी त्यो भाईर पडला की ती काय करती, त्ये दाखवा."

त्यानंतर सलिमानं गैबीला एकट्याला बाहेर पाठवलं नाही. बांगड्यांचं गाठोडं ती घ्यायची, तो मागून चालायचा. पण सिनेमा आधीच गावोगाव गाजला होता, आणि ते हात कुणाचे हे पिराजीनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

श्रावणात दोघं उचगावला गेले. चावडीजवळच्या पारावर चौघं पानं वाटत होते. एकानं हाळी दिली, "या पावणं! सिनेमातलं हात तुमचंच न्हवं? येकदा पिसून तर दावा."

गैबीनं सलिमाकडं पाहिलं. ती गाठोडं काखेत घट्ट धरून उभी राहिली.

"निस्तं पिसून देतो," गैबी म्हणाला. "लगेच आलो."

सलिमा थोडा वेळ थांबली. मग एकटीच गल्लीत शिरून पहिल्या दाराशी उभी राहिली. "बांगड्या भरायच्या का ओ?" तिचा आवाज पारापर्यंत आला. गैबीला तो नीट ऐकू आला. पण तोवर त्याच्यापुढं तीन पानं पालथी पडली होती.